वळीव पडला की माळ्यावर चढा

बेळगाव-खानापूर भागात एप्रिल-मे महिन्यांत वळीव पडतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांची धावपळ वाळवण आत घेण्यासाठी चाललेली असते. घर राखणाऱ्याने मात्र पाऊस थांबताच बॅटरी घेऊन माळ्यावर चढावे, कारण घर कोठे गळते हे मृगाच्या आधी फुकटात दाखवणारी दुसरी संधी मिळत नाही. एकदा जून लागला की कौलांवर चढणे धोक्याचे होते, गवंडी आणि सुतार मिळेनासे होतात आणि ओल्या भिंतीवर किंवा स्लॅबवर केलेले काम सहसा धरत नाही.

माळ्यावर ओल दिसली म्हणून तिच्या नेमके वरचे कौल फुटले असेल असे समजू नये. कौलाच्या फटीतून आत आलेले पाणी वाशाच्या अंगाने हातभर, कधी त्याहूनही खाली वाहत येते आणि मग ठिबकते. म्हणून ओलीचा माग खालून वर, आढ्याच्या म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने काढावा आणि जेथे तो संपतो तेथे वाशावर खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बॅटरी न लावता पुन्हा माळ्यावर बसावे; डोळे अंधाराला सरावले की तडकलेल्या किंवा सरकलेल्या कौलांतून उजेडाच्या टाचण्या दिसू लागतात. शंका असलेल्या कौलावर टिचकी मारून पाहावी, चांगले कौल खणखणीत वाजते आणि तडकलेले बद्द. गारा पडल्यानंतर ही तपासणी चुकवू नये, आणि खानापूरकडच्या ज्या गावांत वानरांच्या टोळ्या छपरांवरून फिरतात तेथे ती दर महिन्याला केली तरी जास्त होणार नाही.

कौल बदलताना वरच्या ओळीतली दोन कौले हलकेच उचलून धरावीत, फुटलेले खाली ओढून काढावे आणि नव्याची खाच रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीवर, नीट बसली की नाही हे बोटाने चाचपावे. कौलांवर थेट पाय न देता फळी किंवा आडवी शिडी टाकूनच वर जावे, नाहीतर एक बदलताना चार फुटतात. मंगळुरी कौले सगळी सारखी दिसली तरी निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असतो आणि एकाचे कौल दुसऱ्यात घट्ट बसत नाही. म्हणून आपल्या कौलांवरचा छाप पाहून, गावात एखादे जुने घर उतरवत असतील तेव्हा त्याच छापाची तीस-चाळीस कौले आणून परड्यात रचून ठेवावीत. आढ्यावरच्या मोठ्या कौलांच्या सांध्यांतले सिमेंट सुटले असेल तर ते खरवडून, जागा भिजवून, नव्याने भरावे. जुन्यावर नुसता लेप दिला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

आमच्या घरी मागच्या पडवीवरचे एक कौल तडकले होते आणि त्याखाली घमेले ठेवून आम्ही दोन पावसाळे काढले. तिसऱ्या वर्षी सुताराने वाशाच्या टोकात पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. "मालक, वासा कुठला, भुसा झालाय की ओ," एवढेच तो बोलला. एका कौलाऐवजी तीन वासे, सगळ्या रिपा आणि भिंतीचा वरचा थर बदलावा लागला. तेव्हापासून मी दर वर्षी वाशांची भिंतीवर टेकलेली टोके टोचून पाहतो, कारण लाकूड बहुधा तेथूनच कुजायला लागते. त्याच वेळी वाळवीच्या मातीच्या नळ्याही शोधाव्यात. नळी मध्येच मोडून आठवड्याने पाहावे. ती पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे आणि नुसते झाडून भागणार नाही.

छपरावरून उतरलेले पाणी जोत्यापाशी मुरले तर वरचे सगळे कष्ट वाया जातात. पन्हळीतला पाला काढून तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कोठे तुंबते ते पाहावे. भिंतीलगतची हात-दोन हात जमीन बाहेरच्या बाजूला उतरती असावी. जांभ्याचा चिरा पाणी शोषतो, त्यामुळे तळाकडच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, उघड्या ठेवू नयेत. निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे: ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तेथे पायाजवळ पाणी साचू न देणे हाच भिंतीच्या तड्यांवरचा पहिला उपाय ठरतो. मातीच्या भिंतींना तर सर्वांत मोठे भय तळाच्या ओलीचे असते. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात किती घरे बसली हे आपण पाहिले आहे.

तडा दिसला की लगेच लांबी (पुट्टी) भरू नये. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पाहावे. तडा रेघेच्या पुढे गेला नाही तर भरून रंगवावा. गेला तर रंगाचे पैसे वाचवून आधी अभियंत्याला बोलवावे.

स्लॅबच्या घरात वळवानंतर गच्चीवर जाऊन पाणी कोठे साचले आहे ते पाहावे आणि त्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढावी, म्हणजे गवंड्याला उतार कोठे द्यायचा हे सांगत बसावे लागत नाही. गळतीची खात्री करायची असेल तर पाण्याची वाट कापडाच्या बोळ्याने बंद करून एक दिवस इंचभर पाणी साठवावे. इंचभर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो होते, म्हणून सळ्या उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग करू नये. गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. तेथे गंज घासून काढल्याशिवाय वरून गिलावा करणे म्हणजे पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा करणे. गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यात गवंडी सिमेंटची जी गोलाई देतात, ती तडकली आहे का हेही पाहावे, कारण पुष्कळदा गळतीचे मूळ तेथेच असते.

आतल्या भिंतीवर ओल आली तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे; बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत वारा खेळत नाही.

नळ आणि विजेचे काम थोडक्यात उरकते. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असेल तर कोठेतरी गळती आहे. विजेच्या फळीवरच्या आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचे, चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, आणि खटका पडला नाही तर वायरमनला लगेच बोलवावे. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत वाचून ती वेळेवर बदलावी. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, पण झाकण उघडून स्वतः आत वाकू नये किंवा कोणाला उतरवू नये, कारण आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

रंगाचे काम दिवाळीच्या तोंडावर घाईने काढण्याचा आपल्याकडे रिवाज आहे, पण ऑक्टोबरमध्ये भिंती अजून पुरत्या सुकलेल्या नसतात. मी तो खर्च संक्रांतीनंतर करतो आणि दिवाळीत फक्त पुढच्या दारावर हात फिरवतो.