तपासणीची मुदत संपलेली गाडी आणि विम्याचा दावा

गाडीच्या तपासणीची मुदत संपली असताना अपघात झाला तर विमा मिळेल का, असे कोणी विचारले की आधी उलट विचारावे लागते: मुदत नेमकी कोणत्या कागदाची संपली? 'तपासणीचा दाखला' या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक धुराची चाचणी, म्हणजे पीयूसी. दुसरे टॅक्सी, बस, ट्रक यांचे फिटनेस प्रमाणपत्र. आणि तिसरी खासगी गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, छापलेली नोंदणीची मुदत. तिन्हींचा विम्यावर होणारा परिणाम सारखा नाही. इंदुरात मी पाहतो ते असे की, ज्या कागदाची लोक सर्वांत जास्त धास्ती घेतात त्याचा दाव्याशी संबंध सर्वांत कमी असतो, आणि ज्याच्याकडे पंधरा वर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही तोच कागद ऐन वेळी दावा बुडवतो.

प्रथम पीयूसीचे पाहू. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना तो वर्षभर चालतो, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिने. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसी असल्याखेरीज विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला, आणि तेव्हापासून 'पीयूसी नाही तर क्लेम नाही' ही समजूत घरोघरी पसरली. वास्तविक तो आदेश नूतनीकरणापुरता होता. ऑगस्ट २०२० मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने स्पष्ट केले की वैध पीयूसी नसणे हे मोटार विम्याचा दावा नाकारण्याचे ग्राह्य कारण नाही, आणि जुलै २०२४ मध्ये खुद्द न्यायालयाने नूतनीकरणाची ती अटही मागे घेतली. तेव्हा केवळ पीयूसी संपला म्हणून दावा फेटाळला गेला असेल तर तो मुकाट्याने मान्य करू नये. दंडाची गोष्ट वेगळी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली ₹१०,००० पर्यंत दंड होऊ शकतो आणि परवाना तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. सुटीत सेंधव्यावरून धुळे-नाशिककडे निघणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी तारीख पाहून घ्यावी.

खरा धोका आरसीचा. खासगी गाडीला वेगळे फिटनेस प्रमाणपत्र नसते. नोंदणी १५ वर्षांसाठी दिलेली असते, आणि ती संपल्यावर आरटीओकडून गाडी तपासून घेऊन पुढील पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे २०१० साली नोंदवलेली गाडी २०२५ मधील त्याच तारखेनंतर, नूतनीकरण झाले नसेल तर, कायद्याच्या दृष्टीने नोंदणीविना रस्त्यावर असते. कलम ३९ प्रमाणे अशी गाडी चालवता येत नाही आणि कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी ₹५,००० पर्यंत दंड आहे. परंतु दंड ही यातली किरकोळ बाब झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात आणि २०२१ मध्ये सुशीलकुमार गोदारा प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची (नव्या गाडीला कायम क्रमांक मिळेपर्यंत मिळणाऱ्या नोंदणीची) मुदत संपलेल्या गाड्यांचे दावे नाकारणे योग्य ठरवले. पहिल्यात गाडीचा अपघात झाला होता. दुसऱ्यात जोधपूरला मुक्कामी असताना ती चोरीस गेली होती, आणि तरीही मालकाला काही मिळाले नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की वैध नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर आणणे हा विमा कराराच्या अटींचा मूलभूत भंग होय. हे निकाल तात्पुरत्या नोंदणीचे असले तरी पंधरा वर्षांची मुदत उलटलेल्या गाडीविरुद्ध कंपनी हाच युक्तिवाद पुढे करते.

'पण कंपनीने तर यंदाही हप्ता घेतला,' असे येथे बहुतेक जण म्हणतात. हप्ता स्वीकारला याचा अर्थ कंपनीने आरसी तपासली असा होत नाही. कागद पाहिले जातात ते दावा आल्यावर. अपघातानंतर घाईघाईने केलेले नूतनीकरणही उपयोगी पडत नाही, कारण अपघाताच्या दिवशी स्थिती काय होती एवढेच पाहिले जाते.

टॅक्सी किंवा मालवाहू गाडी असेल तर कलम ५६ मुळे प्रश्न आणखी थेट होतो: फिटनेस नाही तर नोंदणीही वैध मानली जात नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हे प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांचे आणि पुढे दरवर्षीचे असते.

आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली असेल तर हिशेब वेगळा लागतो. तिऱ्हाइताला भरपाई नाकारण्यासाठी कंपनीला जी कारणे सांगता येतात ती कलम १५० मध्ये मोजून दिली आहेत. अटीचा भंग सिद्ध झाला तरी न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी पैसे देण्यास आणि मग ते मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. २०१८ च्या अमृत पाल सिंग प्रकरणात परमिट नसलेल्या ट्रकबाबत असेच झाले. जखमी माणसाला पैसे मिळतात खरे, पण अखेर ते आपल्याच खिशातून जातात.

यासाठी करावयाचे काम फार नाही. एमपरिवहन किंवा डिजिलॉकर हे सरकारी ॲप उघडून नोंदणी, विमा आणि पीयूसी या तिन्ही तारखा एकदा वहीत लिहून ठेवाव्यात. (मध्य प्रदेशात नोंदणीला 'पंजीयन' आणि विम्याला 'बीमा' म्हणतात, मराठी घरातल्या वडीलधाऱ्यांना कागद हुडकायला सांगताना तेवढे सांगून ठेवावे.) नोंदणी संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. अर्जापूर्वी पीयूसी आणि विमा चालू असले पाहिजेत, म्हणून आधी ते दोन करून मग नोंदणीकडे वळावे. हा क्रम चुकला तर नायता मुंडल्याच्या आरटीओपर्यंतची एक फेरी फुकट जाते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ₹५,००० आहे, २० वर्षांहून जुन्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ₹१०,०००, आणि उशीर झाला तर दरमहा ₹५०० वेगळे. मुदत उलटूनच गेली असेल तर गाडी घरी उभी ठेवावी आणि तपासणीलाही शक्यतो टो करून न्यावी. खर्च वाचवण्यासाठी स्वतः चालवत नेणे म्हणजे ज्या धोक्यातून सुटायचे तोच पुन्हा पत्करणे होय.

आणि दावा नाकारलाच गेला तर नकाराचे कारण लेखी मागावे, त्यात कोणत्या कागदाची कोणती तारीख दिली आहे ते आपल्या आरसीशी ताडून पाहावे. जो भंग झाला त्याचा नुकसानीशी संबंध नसेल, तर २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदु साहू या निकालांचा आधार घेऊन ७५ टक्के रकमेची मागणी करता येते. नोंदणीच नसेल तर मात्र गोदारा निकाल आडवा येतो, ही अडचण मनात धरूनच पुढे जावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, महिनाभरात समाधान झाले नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ₹५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. अर्ज मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत पोहोचला पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगासाठी ही मुदत दोन वर्षांची आहे.