स्क्विरल हिलमध्ये घर बघताना आधी चढ बघा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला नव्याने येणाऱ्यांच्या घराच्या यादीत टेकडीवरचा स्क्विरल हिल हा भाग हमखास असतो. शहराच्याच ओकलंड भागातली विद्यापीठं बसने जवळ, दुकानं पायी, रस्त्यावर गर्द झाडी. मात्र नकाशावरचं अंतर इथे फसवतं. इथला दुकानांचा रस्ता मरी अव्हेन्यू, तो फोर्ब्स अव्हेन्यूच्या चौकापासून दक्षिणेला फॉरवर्ड अव्हेन्यूपर्यंत उतरत जातो. घर खालच्या टोकाला असेल तर लायब्ररी, चौकातली दुकानं, सगळं चढावर. तेव्हा घर बघायला गाडीने जाऊ नका. चौकापासून चालत जा आणि चालतच परत या, जमल्यास हातात सामान घेऊन.

ही टेकडी १८६८ साली शहरात सामील झाली, पण वस्ती दाटली ती १८९३ साली विजेची ट्राम आल्यावर. दुकानांची रांग फोर्ब्स आणि मरी या दोनच रस्त्यांना धरून आहे ती त्यामुळे. फोर्ब्सच्या उत्तरेला मोठी, ऐसपैस विटांची घरं. दक्षिणेला दाटीची, मजल्यामजल्याने भाड्याने दिलेली. नवख्यांना परवडणारं बहुधा दक्षिणेलाच मिळतं.

हिरवाई टिकली ती देणग्यांमुळे. पश्चिमेचं शेन्ली पार्क १८८९ साली मेरी शेन्ली यांनी शहराला दिलेल्या जमिनीवर झालं. पूर्वेच्या फ्रिक पार्कची सुरुवात हेन्री क्ले फ्रिक यांनी १९१९ साली मृत्युपत्राने दिलेल्या १५१ एकरांतून झाली. फ्रिकमधली दरी ओलांडणारा फोर्ब्सवरचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ रोजी बससकट कोसळला. सुदैवाने कोणी दगावलं नाही. गंजाने पोखरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा पूल सुरू झाला.

१९२० च्या दशकापासून इथे ज्यू कुटुंबं स्थिरावली. चौकातल्या ज्यू कम्युनिटी सेंटरच्या घड्याळावर आकड्यांऐवजी हिब्रू अक्षरं आहेत. कोशर म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी दुकानं शुक्रवारी लवकर बंद होतात आणि शनिवारी उघडत नाहीत, तिथली खरेदी त्याआधी उरका. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ट्री ऑफ लाइफ या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, गोळीबारात ११ जण मारले गेले. शेजाऱ्यांपैकी अनेकांसाठी ती घरातली गोष्ट आहे. ओळख होताच त्याबद्दल कुतूहलाने विचारत बसू नये.

आता घराच्या आत. जुन्या घरांत खोली तापवायला बहुधा लोखंडी रेडिएटर असतात, आणि पहिल्या थंडीत तक्रारी त्यांच्याच. रेडिएटरला एकच पाइप जोडलेला असेल तर तो वाफेवर चालतो. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधे कुठे नाही. अर्धवट ठेवला की गार होऊन परत निघालेलं पाणी आत अडकतं, वाफ त्यावर आदळते आणि रात्री कोणी हातोडी मारतंय असा आवाज येतो. दोन पाइप असतील तर बहुधा गरम पाण्याचा. तो खाली गरम, वर गार लागत असेल तर आत हवा साठलीये. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, टोकाच्या छोट्या व्हॉल्व्हखाली वाटी धरा, त्यात बसणारी रेडिएटरची किल्ली अर्धा वेढा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. सगळ्या खोल्यांत असं करावं लागलं तर घरमालकाला कळवा, कारण बॉयलरचा दाब उतरतो. भाड्यात हीटिंग धरलंय की नाही हे सही करण्याआधी विचारा. नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीची गॅसची बिलं मागा. उन्हाळ्यातलं बिल बघून काही कळत नाही.

तळघरात उघड्यावर, भिंतींशिवाय एक कमोड दिसला तर दचकू नका, त्याला इथे ‘पिट्सबर्ग टॉयलेट’ म्हणतात. काळजी करायची ती पावसाची. शहराच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारात जातो. जोराची सर आली की ते उलटं तळघरात येऊ शकतं. खोकी जमिनीवर ठेवू नका, आणि पाणी कधी आलं होतं का हे घरमालकासोबत वरच्या भाडेकरूलाही विचारा.

गाडी उतारावर लावताना पुढची चाकं फुटपाथच्या कडेकडे वळवा, चढावर कडेपासून उलट. हँडब्रेक दोन्हीकडे. हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करावा लागतो. फावडं कोणाचं, हे करारात लिहून घ्या. ऑक्टोबरात ओल्या पानांवरून उतारावर पाय घसरतो, तेव्हा बर्फाचे बूट त्याआधीच घ्या.

डिपॉझिट पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या: त्यानंतर ३० दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या रकमेची यादी द्यायची, असा पेनसिल्व्हेनियाचा कायदा आहे. पत्ता न देणारे हात चोळत बसतात. आत येतानाचे फोटो काढलेले असले की कापाकापीही कमी होते. खिडकीच्या चौकटी आणि रेडिएटरखालच्या लाकडावरचे डाग विसरू नका.