संकरित टोमॅटोचे बी धरताना

संकरित टोमॅटोचे बी पुन्हा उगवतच नाही, असा समज सोलापूर परिसरातील बागायतदारांमध्ये अजूनही आढळतो. बी उगवते, आणि चांगले उगवते. अडचण आहे ती रोपे एकसारखी न निघण्याची. संकरित वाण दोन निराळ्या वाणांच्या संकरातून तयार होतो, म्हणून त्याची सगळी झाडे सारखी दिसतात; परंतु त्या झाडाच्या फळातील बी ही पुढची पिढी असते आणि तिच्यात मूळ आई-बापांचे गुण नव्याने वाटले जातात. त्यामुळे ज्यांना एकसारखा माल बाजार समितीत न्यायचा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. परसबागेत किंवा गच्चीवर चार वाफे असणाऱ्यांनी मात्र अवश्य जावे.

ही वाटणी किती उघडपणे दिसते, याचे एक उदाहरण देतो. फळ जास्त दिवस टिकावे म्हणून काही संकरित वाणांत पिकण्याची क्रिया मंदावणारे जनुक एकाच बाजूने आणलेले असते. अशा वाणाच्या बियांपासून वाढविलेल्या झाडांपैकी साधारण चौथा हिस्सा झाडांची फळे लाल होतच नाहीत. माझ्या वाफ्यातील असे एक झाड लिंबाच्या रंगाची फळे घेऊन कित्येक आठवडे तसेच उभे होते, आणि मी मात्र खताला दोष देत बसलो होतो.

बी धरण्यासाठी पूर्ण लाल, किंचित मऊ झालेले फळ निवडावे. पाने आकसून बोकड्या पडलेल्या किंवा पानांवर चट्टे असलेल्या झाडाचे फळ, ते कितीही देखणे असले तरी, घेऊ नये. फळ आडवे कापून गर काचेच्या पेल्यात पिळावा आणि त्यावर फडके बांधून सावलीत ठेवावा. प्रत्येक बीभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, आणि ते आंबवण्याने सुटते. पुस्तकांत यासाठी तीन दिवस सांगितलेले असतात, परंतु आपल्याकडील उन्हाळ्यात दीड दिवस पुरतो. त्याहून जास्त ठेवल्यास बी पेल्यातच मोड काढते. वर पांढरट साय धरली आणि बोटांत घेतलेले बी खरखरीत लागले की पाणी ओतून ढवळावे, तरंगणारे पोचट बी सांडून द्यावे आणि तळाचे गाळणीत धुऊन काचेच्या ताटलीत पसरावे. कागदावर पसरल्यास ते चिकटून बसते. वाळवण सावलीतच करावी.

पेरणीसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि अशा उष्णतेत फुले गळत असल्याने झाडाची पारख करता येत नाही. सप्टेंबरचे झाड मात्र जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फळांनी भरलेले असते. रोपे २५ ते ३० दिवसांची झाली की लावावीत, आणि पांढरी माशी बोकड्याचा विषाणू पसरवीत असल्यामुळे तोपर्यंत ती बारीक जाळीखाली ठेवावीत.

खरे काम यापुढचे आहे. किमान २० झाडे लावावीत, कारण पाच-सहा झाडांत निवडीला वावच राहत नाही. निवड फळावरून नव्हे, संपूर्ण झाडावरून करावी: फळधारणा, रोगाला दिलेला टिकाव, फळाची साल आणि चव, सगळे पाहून दोन किंवा तीन झाडांना लाल दोरा बांधावा. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शेजारच्या वाणाची भीती फारशी नसते. दर पिढीत गुणांची सरमिसळ सुमारे निम्म्याने घटते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीला झाडे बरीचशी एकसारखी येऊ लागतात. प्रत्येक दोरा बांधलेल्या झाडाचे बी मात्र वेगळ्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर झाडाचा क्रमांक, पिढी व वर्ष शिसपेन्सिलीने लिहावे. शाई दमट हवेत फुटते.