कमी डेटा खर्चून नेटचा खरा वेग कसा मोजावा

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात शेतावर, गोदामात ४जी राउटर लावून कॅमेरे चालवतात. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर घरचं नेटही मोबाइलचंच. पॅक रोजचा दीड जीबी, आणि वेग तपासता तपासताच त्याला भोक पडतं. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १० सेकंदांची डाउनलोड चाचणी ६२.५ एमबी खाते. आठ वेळा तपासलं की अर्धा जीबी गेला, अपलोड वेगळंच. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. वेग बिटमध्ये असतो, पॅक बाइटमध्ये, म्हणून ८ ने भागायचं.)

आधी तयारी

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. वायफायवर घेतलेला आकडा बऱ्याचदा भिंतीचा असतो, लाइनचा नाही. फायबर १०० एमबीपीएसपेक्षा जास्तीचं असून आकडा ९४-९५ वरच अडत असेल, तर केबलमधली तारांची एखादी जोडी तुटली आहे का किंवा पोर्टच १०० चं आहे का ते बघा. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' (मोजक्या डेटाची) करा, म्हणजे बहुतेक अपडेट मध्येच सुरू होणार नाहीत. कॅमेरे आणि घरातले मोबाइलही तेवढा वेळ बंद ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेला राउटर मंदावू शकतो; तो सावलीत आणूनच मोजा.

मग १० पिंग (सर्व्हरला दिलेली छोटी हाक; उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते कळतं) पाठवा, खर्च दोन केबीच्या आत. ४जीचा रेडिओ रिकामा असला की झोपतो, म्हणून पहिला पिंग बहुधा लांबतो. तो सोडून द्या.

तीन सेकंद पुरतात

टीसीपी, म्हणजे नेटवर डेटा पोचवायची नेहमीची पद्धत, एकदम पूर्ण वेगाने सुटत नाही. साधारण १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे १४-१५ केबीपासून सुरुवात करून प्रत्येक फेरीला (डेटा जाऊन पोच परत येईपर्यंत) ते दुप्पट होतं. ५० एमबीपीएस आणि ४० मिलिसेकंद पिंग असेल तर लाइन भरायला २५० केबी वाटेत असावे लागतात. तिथवर पोचायला पाचेक फेऱ्या, म्हणजे सुमारे पाव सेकंद लागतो. छोटी फाइल उतरवून मोजलं की वेग कमी दिसतो, तो याचमुळे. म्हणून पहिला सेकंद टाकून द्या आणि पुढचे दोन मोजा. खर्च १९ एमबीच्या आत.

आयपर्फ-३ या वेग मोजायच्या प्रोग्राममध्ये हे नेमकं जमतं: वेळेचा पर्याय (छोटा टी) २, वगळण्याचा (कॅपिटल ओ) १. वगळलेला सेकंद वेळेत धरला जात नाही, पण त्याचा डेटा खर्च होतोच. डाउनलोडसाठी कॅपिटल आर विसरू नका. तो नसेल तर अपलोडच मोजलं जातं. सर्व्हर मात्र दुसऱ्या टोकाला हवा, शक्यतो मुंबईतला. तो नसेल तर फास्ट डॉट कॉम या वेग तपासायच्या साइटच्या सेटिंगमध्ये चाचणीचे कमाल सेकंद कमी करा.

एका आकड्यावर विसंबू नका. ४जी टॉवरवरची गर्दी बदलत राहते. पहाटे, दुपारी, रात्री ९ ला अशा पाच छोट्या चाचण्या घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. सरासरीला एखादी भलती नोंद ओढून नेते. काही लाइनवर सुरुवातीचे काही सेकंद जादा वेग मिळतो. ते पकडायला आठवड्यातून एकदा मात्र २० सेकंदांची चाचणी कराच.

दोन पॅकेटांची युक्ती

१५०० बाइटची दोन पॅकेटं पाठोपाठ सोडायची आणि पलीकडे ती किती अंतराने पोचली ते मोजायचं. १२,००० बिट भागिले अंतर: २४० मायक्रोसेकंद आलं तर ५० एमबीपीएस. अशी पन्नास पॅकेटं सोडली तरी खर्च ७५ केबी. पण यातून कळते ती वाटेतल्या सर्वांत अरुंद दुव्याची क्षमता. त्या घडीला तुमच्या वाट्याला किती येतं ते नव्हे. ४जी आणि वायफाय पॅकेटं गठ्ठ्याने देतात, अंतर जवळपास नाहीसं होतं आणि आकडा भलताच फुगतो. ही रीत घरापर्यंत केबलने येणाऱ्या लाइनवरच वापरा, ४जी राउटरवर नको.

कॅमेऱ्यांसाठी अपलोड

गोदामातले चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने पाठवत असतील तर ८ लागतात. अपलोड १० एमबीपीएस असेल तर तीन सेकंदांच्या चाचणीला चार एमबीही लागत नाहीत. इथे मात्र मधला आकडा नको, सर्वांत कमी धरा. तो ६ आला तर रेकॉर्डरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट (चित्र पाठवायचा वेग) १ एमबीपीएसवर आणा, म्हणजे चारही चित्रं न अडकता दिसतील.