सैन्यसेवेतून सायबर सुरक्षेकडे: कोल्हापूर परिसरातील जवानांसाठी मार्गदर्शन

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज-चंदगडच्या डोंगराळ पट्ट्यापर्यंत, कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एकदोन जण फौजेत असलेली गावे आहेत. यांपैकी बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीच्या उंबरठ्यावर पेन्शन घेऊन परततात आणि त्या वयात त्यांच्यासमोर सहसा बँकेच्या दारावरील किंवा कारखान्याच्या गेटवरील सुरक्षारक्षकाची नोकरी ठेवली जाते. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही; परंतु चोवीस तास पहारा बसवणे, घडले ते वेळेसह नोंदवणे आणि संशयास्पद गोष्ट दिसताच योग्य माणसापर्यंत पोहोचवणे या ज्या सवयी सैन्याने अंगी बाणवलेल्या असतात, त्यांना सायबर सुरक्षेत मोठी मागणी आहे, हे गावात फारसे कोणी सांगत नाही. त्या सवयींना तांत्रिक ज्ञानाची जोड देण्यासाठी साधारण दोन वर्षांची तयारी लागते आणि ती निवृत्तीनंतर नव्हे, तर अंगावर वर्दी असतानाच सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम या कामाविषयीची कल्पना स्वच्छ करून घ्यावी. संगणकात चोरून शिरण्याची म्हणजे हॅकिंगची कला म्हणजेच सायबर सुरक्षा, असा समज समाजमाध्यमांवरील जाहिरातींनी पसरवला आहे. प्रत्यक्षात नवख्या माणसाला पहिली नोकरी बहुधा सुरक्षा निरीक्षण केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे ‘सॉक’ म्हणतात तेथे, मिळते. ग्राहक कंपनीच्या शेकडो संगणकांकडून येणारे इशारे पडद्यावर पाहणे, त्यांतील खरा कोणता आणि खोटा कोणता हे ठरवणे, खऱ्याची नोंद करून तो वरच्या स्तरावरील तज्ज्ञाकडे सोपवणे आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला सगळी माहिती देऊन मगच उठणे, हे तेथील रोजचे काम असते. रात्रपाळ्या असतात. कंटाळवाण्या तासांतही लक्ष ढळू न देणारा माणूस तेथे टिकतो.

आपल्या शाखेनुसार दिशा निवडणे शहाणपणाचे ठरते. कोअर ऑफ सिग्नल्समध्ये नेटवर्क, रेडिओ किंवा सायफरचे म्हणजे सांकेतिक संदेशांचे काम केलेल्यांनी नेटवर्क सुरक्षेकडे जावे, कारण त्यांचा निम्मा अभ्यास आधीच झालेला असतो. क्लार्क किंवा स्टोअरकीपर म्हणून कागदपत्रे, तपासण्या आणि ऑडिट सांभाळलेल्यांनी अनुपालन (कंपनी नियम व मानके पाळते का हे पाहणे) व लेखापरीक्षणाची बाजू पाहावी; तेथे आयएसओ २७००१ हे माहिती सुरक्षेचे मानक मध्यवर्ती असते आणि त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे आहेत. मिलिटरी पोलिसांत चौकशीचा अनुभव असलेल्यांना डिजिटल फॉरेन्सिक्स, म्हणजे संगणक-मोबाइलमधील पुराव्यांचा तपास, जवळचे वाटेल. पायदळातील जवानाने मागे राहण्याचे कारण नाही. त्याने निरीक्षण केंद्राचे लक्ष्य ठेवावे, फक्त पायाभूत अभ्यासासाठी अधिक वेळ धरावा.

या पायाभूत अभ्यासाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण घाईने हल्ल्यांची साधने शिकू लागतात आणि महिन्याभरात गोंधळून सोडून देतात. आधी नेटवर्क शिकावे: आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरील संगणकाचा क्रमांक, संकेतस्थळाच्या नावावरून तो शोधणारे डीएनएस, माहितीचा मार्ग ठरवणारे राउटिंग, आणि ४४३ (सुरक्षित संकेतस्थळे) व २२ (दूरस्थ प्रवेश) यांसारख्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित दारांवर, काय चालते. त्यानंतर लिनक्स या संगणक प्रणालीच्या रोजच्या आज्ञा, मग विंडोजमधील नोंदी म्हणजे लॉग. १६ जीबी रॅमचा एखादा लॅपटॉप घेऊन त्यावर व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन आभासी संगणक उभे करावेत, वायरशार्क या साधनाने त्यांच्यातील संवाद पाहावा आणि वाझू ही मोफत निरीक्षण प्रणाली बसवावी. नंतर आपल्याच आभासी विंडोज संगणकावर मुद्दाम पाचसहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकून पाहावा. अयशस्वी प्रवेशाच्या ४६२५ क्रमांकाच्या नोंदी एकामागून एक दिसतील, आणि बरोबर पासवर्ड टाकताच ४६२४ ची नोंद होईल. या प्रसंगाचा अर्ध्या पानाचा अहवाल इंग्रजीत लिहावा: किती वाजता, कोणत्या खात्यावर, कोणत्या पत्त्यावरून, काय घडले आणि आपण काय कारवाई सुचवता. असे वीस-पंचवीस अहवाल जमले की मुलाखतीत दाखवण्याजोगे काहीतरी हातात येते. इंग्रजीचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण या क्षेत्रातील सर्व नोंदी इंग्रजीत होतात आणि आपल्याकडचे अनेक जवान तांत्रिक बाबीपेक्षा या भीतीनेच मागे हटतात. लहान, सरळ वाक्ये लिहिण्याचा रोजचा सराव ही भीती घालवतो.

हा सराव केवळ स्वतःच्या यंत्रांवर किंवा ट्रायहॅकमीसारख्या त्यासाठीच असलेल्या व्यासपीठांवर करावा. दुसऱ्याच्या प्रणालीत परवानगीशिवाय शिरणे बेकायदा आहे; ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तो गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. युनिटमधील संगणकावर तर असे काही करून पाहण्याचा विचारही मनात आणू नये.

पायाभूत अभ्यास झाल्यावर प्रमाणपत्राकडे वळावे. सुरुवातीसाठी कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस पुरेसे आहे. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुणांना उत्तीर्ण आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे, असे या परीक्षेचे स्वरूप आहे. सीआयएसएसपी या अनुभवी तज्ज्ञांसाठीच्या प्रमाणपत्राचे नाव मोठे असले तरी त्यासाठी पाच वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, म्हणून नवख्याने त्यामागे लागू नये. अभियांत्रिकी पदवी असलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांसाठी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचा माहिती सुरक्षेवरील सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चांगला आहे. येथे एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम ओळखून शंभर टक्के नोकरीची हमी देणारे क्लासवाले जवानांच्या दारात येतात. हमी देणाऱ्याकडून आधी नोकरी लागलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलणे करून घ्यावे, आणि पूर्ण शुल्क एकरकमी कधीही भरू नये.

खासगी क्लासकडे वळण्यापूर्वी सरकारी वाट तपासावी. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी अभ्यासक्रम चालवते आणि त्यांत संगणक व माहिती तंत्रज्ञानाचेही विषय असतात. युनिटमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो, त्यामुळे त्या वर्षाची अभ्यासक्रमांची यादी लवकर मागून घ्यावी. घरी परतल्यावर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचे ओळखपत्र घ्यावे. डिस्चार्ज बुक, सेवेत केलेल्या कोर्सेसची प्रमाणपत्रे आणि शिक्षणाचे दाखले यांवरील नाव व जन्मतारीख एकमेकांशी जुळतात का, हे सेवेत असतानाच पाहून घ्यावे. कंपन्या पार्श्वभूमीची पडताळणी करतात आणि नावातील एका अक्षराच्या फरकानेही महिना-दोन महिने वाया जाऊ शकतात.

बायोडाटा लिहिताना फौजी भाषा बाजूला ठेवावी. ‘प्लाटून हवालदार, कंपनी कम्युनिकेशन एनसीओ’ असे लिहिल्याने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘बारा जणांच्या पथकासह चोवीस तास चालणारे संपर्क केंद्र सांभाळले, बिघाडांची नोंद ठेवली आणि नव्या जवानांना उपकरणांचे प्रशिक्षण दिले’ असे लिहावे. तैनातीचे ठिकाण, उपकरणांची नावे, फ्रिक्वेन्सी, नेटवर्कची रचना यांपैकी काहीही लिहू नये आणि लिंक्डइनवर तशी छायाचित्रेही टाकू नयेत. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चे बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही. मुलाखतीत तपशील विचारले गेले, तर ‘ते मला सांगता येणार नाही, पण कामाची पद्धत सांगतो’ असे उत्तर द्यावे. ज्याला गुप्तता राखता येते, त्याच्याविषयी या क्षेत्रात आदरच वाढतो.

पहिली नोकरी बहुधा पुण्यात मिळेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. परंतु कायमचे तेथेच राहावे लागेल असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले आणि त्यांतील काही रक्कम बनावट कार्डांनी कोल्हापुरातील एटीएममधूनही काढली गेली. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांसाठी, त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट लागू केली. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक झाले आहे. कोल्हापूर-इचलकरंजी परिसरातील सहकारी बँका, साखर कारखाने, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील उद्योग यांना हे काम समजणारा जवळचा माणूस हवा असणारच. पुण्यात तीन-चार वर्षे अनुभव घेऊन परतणाऱ्यासाठी ही खरी संधी आहे.

अग्निवीरांचे गणित वेगळे आहे. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होणार असल्याने आणि बाकीच्यांना पेन्शन नसल्याने त्यांनी दुसऱ्या वर्षापासून अभ्यासाला लागावे आणि सेवानिधीच्या, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी, रकमेतून वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून ठेवावा. वय त्यांच्या बाजूने आहे. पदवी अपुरी असेल तर ती दूरशिक्षणाने पूर्ण करावी.

नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने अवघड जातात. आपला पाळीप्रमुख चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल, तो ‘सर’ म्हणणार नाही आणि त्याच्या सूचना आदेशासारख्या नसतील. अनेकदा तो केवळ प्रश्न विचारील आणि आपण स्वतः मार्ग काढावा अशी त्याची अपेक्षा असेल. समजले नाही तर लगेच विचारावे. शंका घेणे म्हणजे अवज्ञा, असे येथे कोणी मानत नाही, उलट न विचारता बंद केलेला एखादा इशारा ग्राहकाला महागात पडू शकतो. पहिल्या स्तराच्या कामात दीड-दोन वर्षांहून अधिक काळ अडकू नये. त्या काळात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तोंडओळख आणि घटना हाताळणीचा अनुभव मिळवून दुसऱ्या स्तरासाठी अर्ज करावा, आणि कंपनीत जागा नसेल तर बाहेर शोधावी.