टेलरकडच्या चिंध्यांपासून पोरांसाठी गोधडीचे चौकोन

दसरा झाला की आमच्या सांगली-कोल्हापूर भागात ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात, जास्त करून बीडकडच्या, आणि बघता बघता माळावर कोप्या (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात. आईबाप पहाटे अंधारातच उसाच्या फडात जातात आणि पोरं एकतर कोपीत झोपलेली असतात नाहीतर सोबत नेऊन फडाच्या कडेला गाडीखाली निजवलेली. डिसेंबर-जानेवारीत तिथे किती गारठा असतो ते ज्यांची शेतं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. आम्ही काही बायका मिळून या पोरांसाठी गोधड्या करतो (आमच्याकडे वाकळ म्हणतात), आणि पद्धत सोपी ठेवलीय, प्रत्येकीने घरी बसून आपापले चौकोन करायचे आणि मग एकीच्या घरी सगळे जोडायचे. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी नीट लिहितेय.

आधी कापड. कुठल्याही ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्या टेलरकडे पिशवीभर चिंध्या निघतात, मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. पण त्यातलं फक्त सुती घ्यायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यात मी अजिबात सूट देत नाही. कोपीत चूल आतच किंवा दाराशीच असते, पोरं तिच्या जवळ झोपतात, ठिणगी उडाली तर पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं. ओळखायला कपड्याचे दोनचार धागे काढून चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने भुगा होते, पॉलिएस्टर आक्रसून काळा कडक मणी होतो. मणी झाला की ती चिंधी बाजूला. टिकल्या, जर, आरसे, बटणं लावलेलं काहीही नको, लहान पोरं तोंडात घालतात. लेगिंगसारखं ताणणारं कापडही नको, चौकोन सपाट बसतच नाही.

मग धुवायचं, आणि हे टाळायचं नाही. पहिल्या वर्षी एक लाल खणाचा तुकडा मी न धुता लावला होता, पूर्ण झालेली गोधडी पाण्यात घातली आणि आजूबाजूचे सगळे पांढरे चौकोन गुलाबी झाले, इतके दिवसांचं काम, फार वाईट वाटलं. तेव्हापासून लाल, मरून, गडद निळं वेगळं भिजवते आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते. चिंध्या मोकळ्या धुतल्या की कडा उसवून दोऱ्यांचा गुंता होतो म्हणून उशीच्या जुन्या खोळीत भरून तोंड बांधायचं आणि मग धुवायचं. वाळल्यावर इस्त्री.

माप सगळ्यांनी एकच ठेवायचं, कापताना ९ इंच बाय ९ इंच. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे जोडल्यावर ८ इंच राहतो. पुठ्ठ्याचा साचा दहा चौकोनांनंतर कोपऱ्यात झिजतो आणि माप हळूहळू बदलतं, त्यापेक्षा घरात जुनी एक्सरे फिल्म असेल तर तिचा साचा कापा, वर्षानुवर्षं टिकतो आणि आरपार दिसत असल्यामुळे कापडावरचं फूल मधोमध घेता येतं. कापडाचा उभा-आडवा धागा साच्याच्या कडेला सरळ यायला हवा, उरेबात म्हणजे तिरका कापलेला चौकोन शिवताना ओढला जातो.

आता खरी गंमत बारीक चिंध्यांची, कारण ९ इंचाचा अखंड तुकडा टेलरकडे क्वचितच मिळतो. जुन्या धोतराचा किंवा मऊ झालेल्या सुती चादरीचा ९ इंचापेक्षा जरा मोठा तुकडा खाली घ्यायचा. त्याच्या मधोमध एक चिंधी सुलट बाजू वर करून ठेवायची. दुसरी चिंधी तिच्यावर सुलटला सुलट लावून एका कडेने टीप मारायची, मग उलटवून नखाने दाबून बसवायची. आता तिसरी, या दोघींची मिळून जी कड झाली तिच्यावर. असं गोल फिरत फिरत बाहेर जायचं, खालचं धोतर दिसायचं बंद झालं की साचा ठेवून कडा छाटायच्या. मशीन नसेल तर हाताने बारीक धावदोरा घातला तरी चालतो, फक्त चार-सहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्या म्हणजे शिवण सुटत नाही. फार अरुंद चिंधी घेऊ नका, ती शिवणीतच संपते.

३० चौकोन झाले की एक छोटी गोधडी, रुंदीत ५ आणि लांबीत ६, म्हणजे ४० बाय ४८ इंच, तीन-चार वर्षांच्या पोराला पुरते. मोठ्या मुलांसाठी ६ बाय ८ म्हणजे ४८ चौकोन लागतात. जोडण्याआधी सगळे जमिनीवर मांडून बघा, दोन गडद शेजारी आले असतील तर हलवा, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा नाहीतर मशीनपर्यंत जाईतो ओळ बदलते. आधी आडव्या ओळी शिवायच्या, मग ओळीला ओळ. एका ओळीतल्या शिवणी उजवीकडे दाबल्या तर पुढच्या ओळीतल्या डावीकडे दाबायच्या, नाहीतर जोडावर गाठीसारखं जाड होतं.

छोट्या गोधडीच्या आतला भाग आणि अस्तर साडेपाच मीटरच्या एका जुन्या सुती साडीत बसतं. अस्तरासाठी ४३ बाय ५१ इंचाचा चांगला भाग काढायचा, आत घालायला ४० बाय ४८ चे तीन थर, आणि तरी विरलेला पदर टाकून देण्याएवढं उरतं. आतल्या थरात छोटं भोक असलं तरी चालतं. तीनपेक्षा जास्त थर मात्र घालू नका. जाड म्हणजे ऊबदार असं आपल्याला वाटतं, पण त्या आयांना फडातून आल्यावर मोटारीच्या पाण्यावर धुवायचं असतं, जाड गोधडी ओली झाली की उचलत नाही आणि दिवसात वाळत नाही, मग पोरगं रात्री ओल्यातच झोपतं.

सगळे थर ताणून पसरायचे, मधून कच्चा टाका घालायचा, अस्तराची वाढीव कड पुढे दुमडून घ्यायची आणि मग कडेने सुरू करून आत आत येत हाताने धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. लांब टाक्यात लहान पोरांच्या पायाची बोटं अडकतात आणि दोरा तुटतो, हे मी स्वतः बघितलंय. दोरा जाड सुतीच आणि दुहेरी, बोटात अंगुस्तान घाला. चार कोपऱ्यांना छोटे त्रिकोण लावा, कोपरेच आधी फाटतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदीला (म्हणजे त्यांच्या गोधडीला) कोपऱ्यात असेच त्रिकोण असतात, त्याला त्या फुलं म्हणतात आणि त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. तान्ह्या बाळाला ही अंगावर देऊ नका, चौघडी करून खाली अंथरायला चालते.

द्यायच्या आधी तिथल्या अंगणवाडी ताईंना किंवा टोळीच्या मुकादमाला भेटून किती पोरं आणि काय वयाची ते विचारा, दोघांना मिळाली आणि तिसऱ्याला नाही असं व्हायला नको. नोव्हेंबर संपायच्या आत पोचवा. देताना पोरांचे फोटो काढू नका. आणि उरलेल्या चिंधीची वीतभर पट्टी शिवून एका कोपऱ्याला कडीसारखी लावा, दिवसा कोपीच्या बांबूला गोधडी टांगून ठेवता येते, खालच्या मातीत लोळत नाही.