धरणाचा खर्च विजेतून वसूल करायचाय? दर काढताना या चुका टाळा

कोकणात पाऊस बदाबदा पडतो, म्हणून इथली पाण्यावरची वीज जवळजवळ फुकटच पडत असणार, असं वीजदराच्या जनसुनावणीच्या तयारीला बसलेल्या चार माणसांत एकजण तरी म्हणतोच. पाणी आभाळातून येतं हे खरं, पण धरण, बोगदा आणि टर्बाइनचं कर्ज युनिटच्या दरातूनच फेडावं लागतं. दर चुकतो तो बहुतेक वेळा कागदाच्या वरच्या दोन ओळींत: कुठला खर्च धरला आणि किती युनिट धरली.

हे मला दोडामार्ग तालुक्यातल्या एका पडवीत नीट कळलं. हरकती कशा लिहायच्या हे शिकायला आम्ही सात-आठजण जमलो होतो. कागद उडू नयेत म्हणून त्यांवर अडकित्ता ठेवलेला. सरावासाठी एक नमुना प्रकल्प मांडला: एकूण खर्च ३०० कोटी, त्यात धरण १५०, कालवे ९०, वीजघर आणि जलवाहिनी ६०. मी कालवे वगळले आणि उरलेले २१० कोटी विजेवर टाकले. दर आला युनिटला ७ रुपये २५ पैसे. कोपऱ्यात बसलेले एक काका म्हणाले, "धरण काय फक्त विजेसाठी बांधलेला? मगे आमच्या वायंगणाक पाणी खंयसून येता?"

वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेती. काकांचा प्रश्न बरोबर होता आणि माझी मांडणी चूक होती. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. ज्या कामासाठी जो खर्च झाला तो आधी त्या कामाच्या नावावर टाकायचा: कालवे सिंचनाच्या, वीजघर विजेच्या. मग धरणासारखा सामाईक खर्च, प्रत्येक कामाचा स्वतःचा खर्च वजा जाता जो लाभ उरतो, त्या प्रमाणात वाटायचा. आमच्या नमुन्यात विजेचा वाटा ३० टक्के धरला. धरणाचे ४५ कोटी आणि वीजघराचे ६० मिळून १०५ कोटी. ९ टक्के व्याजाने ४० वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता ९ कोटी ७६ लाख. देखभाल आणि पगार २ कोटी २४ लाख. एकूण १२ कोटी. वर्षाला ३ कोटी युनिट धरली तर दर ४ रुपये. एका ओळीच्या दुरुस्तीने युनिटमागे सव्वातीन रुपये कमी झाले.

पुराचा रकानाही असाच वेगळा हवा. चिपळूणने २२ जुलै २०२१ चा महापूर पाहिला आहे; पूर थोपवण्यासाठी धरणात ठेवलेली जागा ही शहराची सुरक्षा असते, तिचा भार वीजग्राहकावर कशाला? केंद्र सरकारने मार्च २०१९ च्या निर्णयात मोठ्या जलविद्युत प्रकल्पांच्या पूरनियंत्रणाच्या भागाला अर्थसंकल्पातून मदत द्यायचं ठरवलं, ते यासाठीच. अमेरिकेत हूवर धरणाच्या हिशेबात पूरनियंत्रणाचे अडीच कोटी डॉलर बाजूला काढून त्यांची परतफेड पुढे ढकलली होती. बाकीचं कर्ज विजेच्या उत्पन्नातून ५० वर्षांत, १९८७ पर्यंत, फेडलं. तिथल्या सिंचन प्रकल्पांत शेतकऱ्याला न झेपणारा वाटा वीज उचलते, पण ते कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडेही शेतीचा भार विजेने घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, मात्र त्याचा आकडा स्वतंत्र ओळीत दिसला पाहिजे.

दुसरी चूक व्याजाची. काहीजण १०५ ला सरळ ४० ने भागतात आणि दर १ रुपया ६२ पैसे काढतात. ऐकायला गोड, पण त्यात व्याजाचा पैसाही नाही. याहून सहज निसटतं ते बांधकामाच्या काळातलं व्याज. हेच १०५ कोटी ३ वर्षांत, दर वर्षअखेर सारखे, खर्च झाले तर काम संपेपर्यंत कर्ज सुमारे ११५ कोटी होतं, ८ वर्षं लागली तर सुमारे १४५. दर ४ रुपये ३१ पैशांवरून ५ रुपये २४ पैशांवर जातो. रखडलेल्या कामाची किंमत ग्राहकाने पुढची ४० वर्षं का मोजावी, हा प्रश्न हरकतीत हक्काने विचारा.

युनिट धरताना चांगल्या पावसाचं वर्ष धरू नका. संकल्पित ऊर्जा, म्हणजे दर काढताना धरायची वर्षाची वीज, ठरवताना ९० टक्के भरवशाचं वर्ष घेतात, म्हणजे दहापैकी नऊ वर्षं तेवढं तरी पाणी मिळेल असं. आमच्यातल्या एकाने ४ कोटी युनिट धरून ३ रुपये दर काढला होता. प्रत्यक्षात ३ कोटीच युनिट निघाली तर त्याच वर्षी ३ कोटींची तूट. कोयनेला तर पावसापलीकडेही मर्यादा आहे: पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिलंय. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला म्हणून पोफळीच्या वीजघराला हवं तेवढं पाणी सोडता येत नाही.

म्हणूनच सगळा खर्च नुसत्या युनिटांवर टाकणंही चूक. जलविद्युतचं मोल संध्याकाळी मागणी चढते तेव्हा, काही मिनिटांत संच सुरू होण्यात आहे. केंद्रीय नियमांत वार्षिक स्थिर खर्च अर्धा क्षमता आकारातून (संच तयार ठेवल्याबद्दल) आणि अर्धा ऊर्जा आकारातून (युनिटमागे) वसूल करतात, तो त्यामुळे.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. इथली बरीच सरकारी जलविद्युत केंद्रं जलसंपदा विभागाने बांधली आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती ती भाडेपट्ट्याने चालवते. महानिर्मितीच्या हिशेबात धरणाचं कर्ज दिसलं नाही म्हणजे ते फिटलं असं नाही. ते भाडेपट्ट्याच्या रकमेत शोधायचं.

शेवटी आकड्यांची एकके तपासा. वीज कंपनीच्या दरयाचिकेत युनिट दशलक्षात असतात, आपण लाखांत वाचतो आणि दर दहापट होतो. ३ कोटी युनिट म्हणजे ३० दशलक्ष. वीजघराच्या स्वतःच्या वापराची युनिट आधी वजा करा. मग आलेला दर विकल्या जाणाऱ्या युनिटांनी उलटा गुणून पाहा. वर्षाचा हप्ता आणि देखभाल यांची बेरीज आली नाही, तर पुन्हा वरच्या दोन ओळींकडे जा.